मध्येच उचललेली ओळ

आपल्या घरच्या गोंधळी मेळात माझ्या जागी, तुझ्या मागं झील धरायला सुनेला उभी केलीस, आणि मला कळलं ते जत्रेच्या व्हिडिओतून!

शेवंते, आशीर्वाद.

ही बया तुझी ओळ संपायच्या आत उचलते. म्हटलं, हिला घाई कसली? इथं सिंगापुरात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये सहा वेळा ऐकलं. नात श्रिया ओरडली, "आजी, इनफ लाह!" 'लाह' म्हणजे इथलं 'गं'. सातव्यांदा कळलं. तुझा दम तुटतो, तिथंच ती उचलते. लोकांना पत्ता लागत नाही. पोरगी हुशार आहे, मीही तेच केलं असतं. पण दम कधीपासून तुटतोय, हे मला कुणी सांगायचं?

तुला लिहिलेली मागची दोन पत्रं न धाडताच तांदळाच्या डब्याखाली पडलीत, हेही तिथंच जाईल.

तुझी अक्का

ता. क. पोचलंच तर उत्तर तूच द्यायचं, फोनवर, अख्खी ओळ गाऊन. सुनेनं मध्ये उचलायचं नाही.