वीस किलोंत चौदा किलो उद्यमनगर

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४

तीर्थरूप चन्नाप्पामामांस,

पवित्राचे शरणु शरणार्थी. नमस्कार वाकूनच करते आहे, कारण गेले आठ दिवस माझी कंबर सरळ होत नाही. का ते पुढं येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामीनं दिलेलं तेल लावता, की लावलं असं नुसतं सांगता? फोनच केला असता, पण तुमच्याकडं फोन मामी उचलते आणि मग गडहिंग्लजची गोष्ट संध्याकाळपर्यंत संकेश्वरला पोचते. मी इकडं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक नाही.

आमच्या कॉलेजचा रोबो पुण्याच्या स्पर्धेला जायचा आहे. (मामीला सांगा, त्याला डोकं, हात-पाय काही नाहीत. चाकांवरचं चौकोनी डबडं आहे, ते चेंडू उचलून टोपलीत टाकतं. म्हणजे टाकणार होतं.) मोटर नुसती गरागरा फिरते, अंगात जोर नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो, तो वेग घटवून ताकद वाढवतो. एकेका बाजूला एक, असे दोन. ते विकत आणायचे की इथं बनवायचे, यावर आमची सभा झाली. वीरेश, म्हणजे गुळाच्या अडत्याचा मुलगा आणि आमच्यातला एकटा शहाणा, म्हणाला की पुण्यात तयार मिळतात, आणू आणि मोकळे होऊ. तेव्हा मी उभी राहिले. फौंड्री-लेथांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना कोल्हापूरच्या पोरांनी गिअरबॉक्स विकत आणायचा? माझा मामा तीस वर्षं तिथं लेथवर उभा होता! टाळ्या पडल्या. मामा, त्या टाळ्या पडल्या नसत्या तर आज मी सुखात असते.

मग साहजिकच तुमचे जोडीदार बाळासो मिस्त्री. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "वजन किती धरायचं?" मी म्हणाले, वीस किलो. ते हसून म्हणाले, "वीस किलो म्हंजे पिशवीच की गं! कशाला काळजी करतीस?" मला म्हणायचं होतं की अख्खा रोबो, गिअरबॉक्ससकट, वीस किलोंच्या आत हवा. त्यांना वाटलं, वीस किलो ओढायचे आहेत. माझी चूक, मीच नीट बोलले नाही. दोन गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्यांनी बारा दिवसांत दोन गिअरबॉक्स केले. बिडाची बॉडी, कडबा कापायच्या कुट्टी यंत्राला शोभतील असले दात, एकेक सात किलोंचा. हातात देताना म्हणाले, "जरा जाडच ठेवलंय. तुझ्या लेकराच्या लग्नापतूर काय हुईत न्हाय." ते पुसायला त्यांनी स्वतःचा टॉवेल काढला होता. अशा माणसाला जड झालंय म्हणून कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

नाही सांगितलं. त्याऐवजी आम्ही उरलेल्या रोबोला उपाशी ठेवलं. पत्र्याला भोकं पाडली, लोखंडी नट काढून प्लॅस्टिकचे लावले, चेंडू उचलायचा हात अर्धा कापला (आता तो चेंडूला नुसता गोंजारतो). शेवटी मार्केट यार्डात वीरेशच्या वडिलांच्या अडतीत, गुळाच्या काट्यावर रोबो चढवला (माझी कंबर गेली ती उचलतानाच). तोलाईवाला ओरडला, "साडेएकोणीस!" आम्ही तिथंच नाचलो, गूळ खाल्ला, तोलाईवाल्याच्या पाया पडलो.

काल कॉलेजच्या काट्यावर साडेएकवीस भरले. सरांना वाटलं काटा बिघडला, आम्हालाही तेच वाटलं. वीरेश धावत अडतीत गेला. तोलाईवाला शांतपणे म्हणाला, "कडता धरला की दोन किलो." मामा, त्या भल्या माणसानं जन्मभर गुळाच्या वजनातून बारदानाचे आणि ओलाव्याचे कापले, तसे सवयीनं आमच्या रोबोचेही कापले! रोबोला बारदान नाही, ओलावा नाही. असलाच तर माझ्या डोळ्यांत आहे.

येत्या सोमवारी पुन्हा वजन आहे. वीसच्या वर भरलं की आमचं नाव कटलं. वीरेशनं गुपचूप पुण्याहून दोन गिअरबॉक्स आणलेत, एकेक आठशे ग्रॅमचा. ते माझ्या खाटेखाली बिस्किटाच्या डब्यात आहेत. आत आमच्या मोटरचा दांडा बरोब्बर बसेल अशा मापाची पितळी नळी, म्हणजे बुशसुद्धा बसवलेलं आहे. पुण्याचे लोक किती पुढचं बघतात!

आणि बाळासो मिस्त्री रोज संध्याकाळी येतात. घरमालकीण आक्कांच्या कट्ट्यावर बसतात, चहा घेतात, "मग, कसं हाय?" म्हणतात, काहीतरी बोलायला जातात आणि उठून जातात. पुण्याला यायला त्यांनी नवा शर्ट शिवलाय. त्यांच्या हातची वस्तू आजवर कुठल्या स्पर्धेत उतरलेली नाही. हा माणूस दुखावला तर मला पुण्यातलं पहिलं बक्षीसही गोड लागणार नाही.

मामीला नमस्कार. तुमच्या लेकीला, वर्षाराणीला, अभ्यास कर म्हणावं, पण इंजिनिअरिंगचा नको.

तुमची,
पवित्रा

ता. क. हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की रविवारी तुम्ही इकडं या आणि मिस्त्रींना तुम्हीच सांगा. तुम्ही जुने जोडीदार, तुमच्यावर ते फार तर ओरडतील. मी सांगितलं तर गप्प बसतील, आणि ते मला सोसणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात मिस्त्री आले. डबा उघडाच होता, झाकायलाही सुचलं नाही. त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, "बुश सैल न्हाय न्हवं?" मामा, ते बुश त्यांचं! वीरेश गेल्या आठवड्यात ते पुण्याचे गिअरबॉक्स घेऊन बुश बसवायला त्यांच्याकडंच गेलता. "तुला कसं सांगावं म्हनून रोज येतोय," म्हणाले. "तू उद्यमनगराचं भाषान ठोकलंयस की. म्हटलं, पोरगी मोडून पडंल." शर्ट घालून ते पुण्याला येणारच आहेत, बुश बघायला.

तेव्हा मिस्त्रींची समजूत काढायला येऊ नका, माझी काढायला या. आणि येताना मोकळ्या हातांनी या. त्यांनी ते दोन्ही गिअरबॉक्स तुमच्या कडबाकुट्टीसाठी बांधून ठेवलेत. चौदा किलो, कडता न धरता.