अर्धी धार लागलेल्या सुरीबाबत

मी, कलावती दामू तांबे, वय बासष्ट, राहणार नारपोली, भिवंडी, पूर्ण शुद्धीत असून माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. त्यामुळे यातल्या चुका माझ्या, आणि इच्छाही माझ्याच.

१. राहती खोली मुलगा बाळाराम याला. छपराचा उजवा कोपरा गळतो. हे त्याला दर वर्षी सांगते, आता लेखी देते.

२. बँकेत असेल ते बाळाराम आणि मुलगी काशी यांना सारखे.

३. विळी माझे दीर महादू यांना. माझे पती कालकथित दामू यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. १९८६ साली मालकाच्या भावाने त्यांना कुवेतहून सुऱ्यांना धार लावायची पेटी आणून दिली. तेव्हा महादूभावजी म्हणाले, "वहिनी, बाईला इळी बास हाय. पेटी माझ्या घरी दे." म्हणून विळी त्यांना. धार लावून देऊ नये.

४. ती पेटी काशीला. तिच्यात सुरी धरायचा चिमटा, तीन दगड आणि चार भोकांची उभी पट्टी आहे. दगडाला जोडलेली सळई भोकातून ओवली, की हात कसाही हलला तरी दगडाचा तिरपेपणा बदलत नाही; भोक जितके वरचे, तितकी धार जाड. सोबतचे पुस्तक इंग्रजी. बाळारामच्या शाळेचा शब्दकोश घेऊन मी ते तीन महिन्यांत वाचले. मी वाचायचे, ते घासायचे. पहिल्याच आठवड्यात घरातल्या तिघांची बोटे कापली, कारण आम्हाला बोथट सुरीवर जोर द्यायची सवय.

पुस्तकाचे सातवे पान म्हणते, स्वयंपाकाच्या सुरीला दुसरे भोक. यांचे म्हणणे तिसरे; धार जरा जाड येते, पण हाडावर टिकते. पाच वर्षे हा वाद चालला.

५. पिवळ्या मुठीची मोठी सुरी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, हीसुद्धा काशीला. ३ मार्च १९९१, रविवार, घरी कोंबडी होती. यांनी सळई तिसऱ्या भोकात ओवली. मी म्हटले, "दुसरं भोक. मला वाचता येतंय." ते म्हणाले, "पुस्तक लिवणाऱ्यानं कधी गावठी कोंबडी कापली न्हाय. तू चा ठेव." एक बाजू झाली. चहा घेऊन आले तर ते भिंतीला टेकलेले होते. सुरी चिमट्यातच होती.

दुसरी बाजू राहिली. सुरी मी सोडवून ठेवली, सळईला हात लावला नाही. बाकीच्या सुऱ्या पायरीच्या दगडावर घासते. गेल्या वर्षी काशीने विचारले, "आई, दुसरी बाजू मी लावू?" मी म्हटले, "न्हाय." तिने परत विचारले नाही, म्हणून पेटी तिची.

साक्षीला बसलेल्या जाईबाई म्हणतात, "अगो, मरनपत्रात सुरी कोन लिवतं?" मी लिहिते.

६. माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, स्वयंपाकाला हात लावण्याआधी, काशीने त्या सुरीची राहिलेली बाजू पुरी करावी. आधी खडबडीत दगड, मग मधला, शेवटी गुळगुळीत. पुस्तकाचे सातवे पान मी बरोबर वाचले होते, याची नोंद असावी. सळई तिसऱ्या भोकातच ठेवावी.

सही: कलावती दामू तांबे

साक्षीदार:
१. जाईबाई केसरीनाथ पाटील, शेजारी (अंगठा)
२. चिंतामणी दत्तोपंत जोशी, निवृत्त शिक्षक (सही, तीन वेलांट्या यांनी सुधारल्या)

नारपोली, भिवंडी
१७ नोव्हेंबर १९९६