सिल्व्हर पार्कवरची उष्ण आघाडी

१० फेब्रुवारी २०२५
माफ कर, वही. सव्वादोन वर्षं एक ओळ नाही. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात 'उद्यापासून रोज' असं लिहिलंय.
आता कारण आहे. इशिताला नववीच्या भूगोलाचा प्रकल्प मिळालाय: वारे आणि वायुराशी. वीस गुण. गेल्या वर्षीचा परागमामाने लॅपटॉपवर करून दिला होता. यंदा बाबा. "मामाला नुसतं विचारू का?" म्हणाली. नको म्हटलं. मी बीएस्सी आहे. मत्सर अजिबात नाही.
(थोडा आहे.)

११ फेब्रुवारी, दुपारी १.१५
घरूनच काम, त्यामुळे दुपार हाताशी. स्ट्रॉ, टाचणी आणि पुठ्ठ्याचा बाण घेऊन वातकुक्कुट केला, बाल्कनीच्या ग्रिलला बांधला. सकाळभर ढिम्म. १.०५ला गर्रकन फिरला! वारा उत्तरेचा. गरम, कोरडा.

तोच दिवस, ४.०५
वारा बंद. एकदम.

१३ फेब्रुवारी
सलग तिसरा दिवस. एक ते चार. निसर्ग इतका वक्तशीर असतो हे पुस्तकात नाही. मोबाइलवरचं ॲप पश्चिमेचा वारा दाखवतंय. ते अख्ख्या मुंबईचं धरत असणार. आमच्या सिल्व्हर पार्कचं मोजतंय कोण?
निष्कर्ष: राजस्थानच्या वाळवंटावरची तापलेली वायुराशी इथवर पोचतेय. गरम हवा थंड हवेवर चढून येते त्या सीमेला उष्ण आघाडी म्हणतात. ती रोज माझ्या बाल्कनीतून जाते.
वाऱ्यासोबत बारीक घूंघूं आवाजही येतो. नोंद केली.
गिरिजाला सांगितलं. म्हणाली, "म्हणून तर मी मोजे तिथे वाळत घालते." संसारात राहून बायकोत निरीक्षणशक्ती येते.

१५ फेब्रुवारी
भाईंदरहून मासे घेऊन येणाऱ्या कृष्णाबाईंना उत्तरेच्या वाऱ्याबद्दल विचारलं. "उत्तरंचा? दादा, पान हालत न्हाय! बोंबील घे, वारा सोड." आदर आहेच, पण त्यांचं निरीक्षण समुद्रसपाटीवरचं, माझं चौथ्या मजल्यावरचं. बोंबील घेतले.

१८ फेब्रुवारी
वारा नाही! काल नाही, आज नाही. शेजारचे परेशभाई त्यांच्या बाला, म्हणजे आईला, घेऊन नडियादला गेलेत, त्यामुळे शांतता आणखीच जाणवते.
खूप विचार केला. विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा उत्तरेला सरकला असावा. मीरा रोडपर्यंत म्हणजे जरा जास्तच, पण आकडे खोटं बोलत नाहीत. इशिताला लिहून घ्यायला लावलं. ती खाली मान घालून लिहीत होती. खांदे हलत होते. सर्दी असावी.

२१ फेब्रुवारी
प्रकल्प दिला. मला वाचायला मिळाला नाही, "सरप्राइज" म्हणाली.

२४ फेब्रुवारी, दुपारी १.१०
वारा परतला! टाळी वाजवली. शेजारच्या बाल्कनीतून परेशभाई: "क्या साहेब, बा के एसी की हवा नाप रहे हो?"
मीही हसलो. मग वाकून पाहिलं. कुंड्यांच्या आड त्यांच्या एसीचं आउटडोअर युनिट. तोंड आमच्या ग्रिलकडे. बा एकला आडव्या होतात, चारला चहाला उठतात.

४.३०
गप्प बसलो तर लबाडी. शाळेत सांगितलं तर पोरीचे वीस गुण जाणार, तेही माझ्या हट्टापायी. मामाला विचारू दिलं असतं तर? तीन तास हाच विचार. मधे बोंबील खाल्ले.

२५ फेब्रुवारी
सकाळी इशिताला सगळं कबूल केलं. तिने पोहे खाणंही थांबवलं नाही.
"बाबा, मला माहितीये. ते नडियादला गेले तेव्हाच कळलं. आईला तर पहिल्या दिवसापासून."
मग बोलली का नाहीस?
"तू किती खूश होतास!"
प्रकल्पाचं नाव: 'वाऱ्याचं निरीक्षण कसं फसतं: एक घरगुती उदाहरण.' माझ्या सगळ्या नोंदी, वेळेसकट. शांत पट्टाही. एकोणीस गुण. मॅडमनी विचारलंय, शुक्रवारी निरीक्षकांना वर्गात आणता येईल का. गिरिजाला हसताना ठसका लागला.
हा मान की अपमान, ठरत नाही. वेळा मात्र मिनिटापर्यंत अचूक आहेत, असं मॅडमनीच लिहिलंय.

उद्या: मॅडमना 'येतो' असं कळवणे.