अरबगल्लीचे वळण सरळ करू नये

मी सिद्धम्मा, भ्रतार लिंगैक्य चन्नप्पा, वय अंदाजे सत्तर, धंदा किराणा दुकान, राहणार मौजे खैरगव्हाण, वालूरच्या रस्त्यावर, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र सटवाजीकडून लिहून घेते. माझी अक्कल शाबूत आहे याबद्दल सूनबाई सोडून गावात कोणाची हरकत नाही.

कलम पहिले. दुकान, तराजू, मापे आणि ओढ्याकडचे शेत मुलगा रेवणप्पा यास. मापे खरी आहेत. ती तशीच राहू द्यावीत.

कलम दुसरे. सोन्याच्या पाटल्या सून मल्लम्मा हिला. माझी सासू मरेपर्यंत त्या उशाखाली घेऊन झोपली. मी तसे केले नाही, पाटल्या केव्हाच मल्लम्माच्या हातात घातल्या. येथे फक्त कागदावर देते, कारण दिलेले तिच्या लक्षात राहत नाही.

कलम तिसरे. अरबगल्लीतले घर. हे कलम लांबणार आहे, सटवाजीने दौत भरून घ्यावी.

ही गल्ली निजामाच्या फौजेतल्या अरबांनी वसवली. दगडी घरे, उंचावर खिडक्या, आणि कोणाचेही दार कोणाच्या दारासमोर नाही, म्हणून गल्ली वळत वळत जाते. आमच्या गल्लीत दाराला दार भिडलेले. मी नवी नवरी असताना माझी भाकरी करपली की समोरच्या घरी आधी कळे. सासूबाईंपासून लपून रडायला सगळ्या गावात एकच जागा होती, सालेह जमादाराची बायको मरियमबी हिचा ओटा. ती सुंठ घातलेला कहवा द्यायची. कहवा तिचा, भांडे माझे. आमचे गुरू जंगमस्वामी यांना हे ठाऊक नव्हते. आता कळले तरी माझी हरकत नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर अरबांना त्यांच्या मुलखात पाठवायचे ठरले. सालेह याच गावात जन्मलेला, त्याचा बापही इथलाच. निघताना मला विचारू लागला, "सिद्धम्मा, माझा मुलूख कसा हाय, तुला ठावं हाय का?" मी म्हटले, "तिथं आपलं गाव न्हाई, येवढंच ठावं हाय." तो हसला आणि मग आम्ही दोघेही रडलो. घराचे खरेदीखत त्याने माझ्या नावे केले. माझ्या नवऱ्याच्या नावे केले नाही, कारण तो विकून मोकळा होईल, असे त्याने नवऱ्याच्या तोंडावर सांगितले.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या इमारती पाहणारे सरकारी साहेब येणार असे कळले. गल्ली पसंत पडली तर सरकार ती राखणार होते. सरपंच दत्तरावांना वाटले, पाहुणे यायचे तर गाव नीटनेटके हवे. त्यांनी भिंतींना लग्नघरासारखा चुना दिला, दारांवरच्या कोरीव वेली लिंपून सपाट केल्या आणि अरबांच्या बुरुजाचे दगड काढून साहेबांना टेकायला पार बांधला. साहेब पारावर बसले आणि म्हणाले, "जुनी गल्ली कुठे आहे?" दत्तराव म्हणाले, "साहेब, तुमी तिच्यावरच बसलाव की!" साहेब चहा पिऊन गेले ते गेलेच.

तेव्हापासून रेवणप्पा माझ्यामागे लागला आहे. "आई, सरकारलाच नको तर आपुन कशाला जपायलाव? वळणावरचं ते घर पाडू, मोटार थेट कापसाच्या वखारीला लागंल." पोरगा वाईट नाही. त्याला फक्त सरळ रस्ता दिसतो.

म्हणून हे घर रेवणप्पास न देता शेळ्या राखणारी कासाबाई हिला देते. कासाबाईच्या हातून आजवर कोणी काही सोडवून नेलेले नाही. कोंडवाड्यात घातलेली शेळीसुद्धा तिने दंड न भरता, दत्तरावांच्या समोरून हाकत आणली. अटी अशा. भिंत पाडू नये, दार हलवू नये. वेलींवरचा चुना लाकडाच्या काडीने हळूहळू काढावा. शेळ्या आत बांधाव्यात, पण ओट्यावर चढू देऊ नयेत. सालेहच्या घरचे कोणी आले तर किल्ली त्यांच्या हाती द्यावी आणि कटकट करू नये.

कासाबाईने विचारले, "आन् कुनी आलंच न्हाई तर?" तर तिने सुखाने राहावे.

पण सालेहची नात खदिजा गाव सोडताना जेमतेम चालती-बोलती होती. तिला गावाचे नाव नीट सांगता येत नव्हते, घर मात्र सापडत असे. भिंतीला हात लावून निघायची, भिंत वळेल तशी वळायची आणि हाताला दार लागले की आजीला हाक मारायची. ती पोर मोठी होऊन कधी काळी आली, तर तिला कोणाला काही विचारावे लागू नये. माझी एवढी एकच इच्छा आहे, बाकी सगळे कलमांत घालायचे म्हणून घातले.

वाचून दाखवले, बरोबर आहे म्हणून अंगठा केला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सिद्धम्मा
साक्षीदार: दत्तराव, सरपंच
साक्षीदार: बन्सीधर, कापड दुकानदार
हस्ताक्षर: सटवाजी
मुक्काम खैरगव्हाण, ता. २ डिसेंबर १९५८

मी मुलगा म्हणून ऐकले. आईच्या मागे कासाबाईला त्रास देणार नाही. मोटार वेशीबाहेर उभी करीन, कापूस डोक्यावरून नेऊ.
सही, रेवणप्पा