मॉलवीकचा ओडवार आणि एक शब्द

ग्रोसुंद, स्वीडन
१६ ऑगस्ट १९७८

चि. स्तूरेस अ. आ.,

तुझ्या नॉर्वेकर बायकोलाही आशीर्वाद, तिला आपली भाषा कळली तर.

तुमच्या मॉलवीकचा गायनवृंद आपल्या दोन गावांच्या यंदाच्या मैत्री मेळाव्याला इथे येऊन गेला. गाणी नेहमीसारखीच रडकी, कोळंबी मात्र ताजी होती. आता खरं सांगते. तुमचा तो विधुर ओडवार तीन उन्हाळे माझ्याच शेजारी बसतोय. यंदा तर स्वतःचा पाव कोरडा ठेवून कोळंबी सोलून माझ्या पावावर रचत होता. चौसष्टाव्या वर्षी मी धीर केला आणि धक्क्यावर सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, की तुम्ही फार ‘रार’ आहात.

तर त्या बाबानं हातातली कोळंबी खाली ठेवली, टोपी घातली आणि बोटीत जाऊन बसला. निरोपाला हातसुद्धा हलवला नाही. सगळ्या गावात माझी शोभा झाली. मला तो माणूस हवा होता रे. पुढच्या वर्षी मी मेळाव्याचं तोंड बघणार नाही.

लोभ आहेच, पण तो टिकायला पत्रं लिहावी लागतात.

तुझी,
गुनवोरताई

मॉलवीक, नॉर्वे
२३ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.,

पत्र वाचून पोट धरून हसलो. अगं, आपल्याकडे ‘रार’ म्हणजे गोड, मायाळू. इथे ‘रार’ म्हणजे चक्रम! पन्नास माणसांसमोर तू त्या बिचाऱ्याला चक्रम म्हणालीस. बायको गेल्यापासून तो मांजराशी गप्पा मारतो, त्यामुळे ते जिव्हारीच लागलं.

मी जाऊन समजावलं. कानापर्यंत लाल झाला, पण विश्वास बसेना. दोनदा विचारलं, की ताई नक्की ग्रोसुंदच्याच भाषेत बोलल्या ना. मी म्हटलं, तिला दुसरी येतेय कुठे! मग उठला आणि बोटीला रंग द्यायला लागला. तू कॉफी ठेव. दोन देशांचे संबंध आता तुझ्या हाती आहेत.

राग नसावा, लोभ असावा.

तुझा,
स्तूरे

ग्रोसुंद
२८ ऑगस्ट

चि. स्तूरेस अ. आ.,

ओडवार काल आला. मेळावा नाही, गाणं नाही, एकटाच. बोटीचा ओला रंग पँटला फासलेला. या वेळी कोळंबी मी सोलली आणि त्याच्या पावावर रचली. सगळी खाल्ली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, की तुम्हीही फार रार आहात.

कोणत्या भाषेत, ते मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला मांजर आणतोय.

लोभ आता दोघांवर असावा.

तुझी,
गुनवोरताई