सोसायटीची रबरी गाडी

९ फेब्रुवारी १९५८
टोकावडे. सभा जोरात. दीड तास बोललो, घसा बसला. ठराव एकमतानं: यापुढे इथे कोणी कोणाला डोलीत घालून खांद्यावर वाहणार नाही, आजाऱ्यासाठी सोसायटीची नवी रबरी चाकांची बैलगाडी. पहिला हात बुधा ठाकराचा. बापानं जन्मभर मालकाची डोली वेठीनं वाहिली, खांद्यावर लिंबाएवढा गोळा आला होता. मागून कोणीतरी, "आन मेल्याव कशात न्यायचा, भाऊ?" सगळे हसले. मीही.

१४ फेब्रुवारी
बुधा पडला. सिद्धगडाखालच्या त्याच्या वाडीवर, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडत होता. दोन पुरुष उंचीवरून, पाठीवर. मी वाडीवरच होतो. शुद्धीत होता. पायाची बोटं हलवून दाखवली, त्याची बायको सोमी आणि मी, दोघांनी पाहिलं. कमरेला हात लावू देईना.
चौघं जण बांबू आणि गोधडी घेऊन आले. मी नको म्हणालो.
सोमी: "यक डाव, भाऊ. आमचीच मानसं हायती. वेठ नाय ही."
म्हणालो, आज आपली माणसं, उद्या मालक हेच उदाहरण आपल्या तोंडावर फेकील. बुधाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. त्याचा होकारच धरला.
सोसायटीचा गाडीवान गणपा म्हणाला, "मंग माझ्या बाची लाकडी गाडी जुपतो. तिचं चाक छातीयेवढं, दगडाव चढून जातं. ह्या रबरीचं बुटकं, खड्ड्यात पडतं." त्याला रबराचे गुण ऐकवले. वाचलेले. तो गप्प झाला. माझ्यापुढे लोक गप्प होतात.
मुरबाडला पोचायला सहा तास. पुढचं आज लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी
लिहितोच.
रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या, जुन्या गाड्यांनी वर्षानुवर्षं पाडलेल्या. नव्या गाडीचा आख रुंद. एक चाक चाकोरीत, दुसरं वर दगडांवर. गाडी सगळी वाट कलती. सोमीनं त्याची कंबर मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरलेली. प्रत्येक हिसक्याला बुधा ओरडायचा. दुसऱ्या ओढ्यानंतर ओरडणं थांबलं. वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मला!
मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. काही नाही. मांडीला टोचली. काही नाही.
"कशातून आणलंत?"
"रबरी गाडीतून."
"मग ठीक," म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. वाटेतल्या हिसक्यांचं मी सांगितलं नाही.
लॉरीतून कल्याणला, मोठ्या दवाखान्यात.

२० फेब्रुवारी
मुरबाड. गाडी म्हाताऱ्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं टायरवर अंगठा दाबला. दबेना.
"गवताच्या भाऱ्यांसाठी भरलीय ही हवा. मालाला कडक, माणसाला नरम. अर्धी सोडायची."
टायरही छोट्या मोटारीचा, जुना, बाजू बुटक्या. चाकाची लोखंडी कड आणि दगड यांच्यात चार बोटं जागा. "रबर काय करणार साहेब? झेलते ती हवा. तिला दबायला जागा नको?"
हवा सोडायला किती वेळ लागतो?
"व्हॉल्वात काडी दाबून धरा. मिनिट."

२३ फेब्रुवारी
गणपाला घेऊन तोच रस्ता. मी गाडीत आडवा, उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या.
आधी लाकडी गाडी. थोरलं चाक, त्यावर लोखंडी पट्टीची धाव. सारखी थरथर, हाडं खुळखुळतात, पण लहान खड्डा चाकाला कळतच नाही. निम्मं पाणी उरलं.
मग रबरी, होती तशीच कडक. सपाटीवर झकास. पहिल्याच खड्ड्यात चाक पुरतं खाली गेलं, तांब्या आडवा, जीभ दाताखाली. तोंडात रक्त.
मग हवा अर्धी सोडून. दोन बोटं पाणी कमी. बस्स. तेच बैल, तेच खड्डे.
बैल सोडताना गणपा म्हणाला, "मी बोललो व्हतो." थोड्या वेळानं, "पन हवेचं मलाबी ठावं नव्हतं."

१ मार्च
शहापूरहून माणूस आला. तिथल्या सोसायटीलाही अशी गाडी घ्यायची आहे, पुढच्या आठवड्यात सभा, खर्डीकडचेही येणार. मुख्य भाषण माझं.
गाडी वाईट नाही. वेठ संपलीच पाहिजे, यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण त्या चौघांना कोणी हुकूम केला नव्हता. स्वतःहून पुढे केलेला खांदा आणि वाकवलेला खांदा, हा फरक शिकवत मी दोन तालुके पालथे घातले, आणि त्या दिवशी वाडीवर मला तोच—
शहापूरच्या माणसाला हो म्हणालो. का म्हणालो?

५ मार्च
कल्याण. डॉक्टर म्हणतात, पाय परत येतील असं सांगता येत नाही, येणार नाहीत असंही नाही.
सोमी पाणी आणायला गेली तेव्हा बुधाला सांगितलं. मुद्दाम तीच वेळ निवडली, हेही इथे असू दे. बोटं हलत होती. डोली मी अडवली. हवा सोडली असती तर.
तो छताकडे पाहत होता. "मला काय सांगता, भाऊ? मी गाडीतच व्हतो."
मग मान माझ्याकडे वळवली.
"सोमीला सांगा. तिला वाटतंय, तिनंच मला नीट धरला नाय. रोज तोंड झाकून रडते."
तेवढ्यात ती आली. आधी मला पेला भरून दिला. "लांबून आलाव, प्या." प्यायलो. इकडचं तिकडचं बोललो. शेवटची एसटी धरली.
उद्या पहिल्या गाडीनं परत कल्याणला जातोय, सोमीला सांगायला. सुरुवात कशी करायची, सुचलेलं नाही. तीन वेळा लिहून खोडलं.