तुझ्या हातचं वरण

रोहणा,
मंगळवार

प्रिय सुरभी,

फारकत झालेल्या बायकोला ‘प्रिय’ लिहावं की नाही, यात अर्धी सकाळ गेली. ‘सौ.’ लिहायची सोय उरली नाही, आणि ‘श्रीमती’ लिहिलं की तू शाळेतली बाई वाटतेस. म्हणून ‘प्रिय’च राहू दे. खोटं तर नाही.

मी बरा आहे. शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायला लागलोय. तांब्याची तार गुंडाळताना हात थोडा थरथरतो, पोट सुटलंय, आणि दुपारी कामावरच डुलकी लागते. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत. दर महिन्याला वर्ध्याला जाऊन इंजेक्शन घेतो. कमरेत टोचतात, दोन दिवस ठणकतं, पण मग महिनाभर घरात कुणी ‘गोई घेतली काय?’ म्हणून माझ्या तोंडात डोकावत नाही.

इंजेक्शन कशाचं, हे तुला माहीत असायचं कारणच नाही. मला स्किझोफ्रेनिया आहे, आपल्या लग्नाच्या आधीपासून. जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात, आणि घरचेच आपल्या जिवावर उठलेत असं वाटायला लागतं. तेव्हा गोळ्या चालू होत्या. त्या घेतल्या की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की गोळी कशाला, म्हणून मी ती जिभेखाली धरून न्हाणीत थुंकायचो. आईने ते एकदा पाहिलं. मग तिने मला गोळी देणं बंद केलं. मला वाटलं, सुटलो.

गेल्या उन्हाळ्यात आवाज फारच वाढले, तेव्हा दामिनीने, माझ्या त्या तोंडाळ बहिणीने, आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या घेतो का? आई म्हणाली, रोज घेतो. कशा देता? आई पदराशी चाळा करत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘वरनात कालवून.’ मी शेजारीच बसलो होतो.

आता तू आठवून बघ. स्वयंपाक तू करायचीस, पण माझं वरण मात्र आईच वाढायची. तू चेष्टा करायचीस, आईंना वाटतं मी तुम्हाला उपाशी ठेवीन. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायची आमच्याकडची रीत, तीही आईनेच मोडली. माझ्या ताटाला हात लावायचा नाही असं तिने तुला बजावलं, आणि तू माहेरी आष्टीला जाऊन सांगितलंस की सासू नव्या विचारांची आहे. एकदा तिची नजर चुकवून तू माझं उरलेलं वरण खाल्लंस आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईस्तोवर उठली नाहीस. गावाने तुला आळशी ठरवलं.

माझं डोकं तेव्हा वेगळाच हिशेब करत होतं. वरण कडू लागतंय. केलंय सुरभीने. आणि ती माझ्या ताटातलं खात नाही. का खात नाही? कारण आत काय आहे ते तिला माहीत आहे. बघ, किती बिनचूक! ताटात खरंच काहीतरी होतं गं. फक्त ते तू घातलेलं नव्हतंस. मी चार माणसांत ओरडलो की ही मला विष घालते, तेव्हा आई दारात उभी होती. तिने एक शब्द काढला असता तर तुझे वडील मान खाली घालून तुला घेऊन गेले नसते. आईवर रागावू नको असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अजून रागावतो.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय जमेल, स्वतः गोळी घ्याल की महिन्याचं इंजेक्शन? तिथे आनंदराव म्हणून एक जण भेटतात, ते आपल्या हाताने गोळी घेतात आणि त्यांचं झकास चाललंय. मला माझा भरवसा नव्हता. मी इंजेक्शन म्हटलं. एवढासा प्रश्न. तो आपल्या लग्नाआधी मला कुणी विचारला असता, तर आज मी तुला पत्र लिहीत नसतो, तुझ्याशी चहावरून भांडत बसलो असतो. याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

आता खरं काम सांगतो. तुझी चुलतबहीण अंजू बाजारात भेटली. म्हणाली, जाम गावच्या सदाशिवरावांच्या मुलाशी तुझं जमत आलं होतं, पण ‘पहिल्याले जहर देत होती’ हे कानावर गेलं आणि ते मागे फिरले. मी परवा जामला गेलो, आईला घेऊन. आधी मी बोललो. सदाशिवराव ‘हो भाऊ, हो भाऊ, चहा घ्या’ करत राहिले. मी तुझ्यावर आळ घेतला तेव्हा अख्ख्या गावाला मी शहाणा वाटलो होतो, आणि आता खरं सांगतोय तर वेडा! मग आई उठली. दामिनीचं लग्न अजून व्हायचंय, घरातला आजार कळला तर सोयरीक अडेल, याच भीतीने ती इतकी वर्षं गप्प होती. ती म्हणाली, ‘माह्या पोराले बिमारी हाय. गोई म्याच टाकत होतो वरनात. त्या पोरीले ठाऊकबी नोतं.’

ते लोक रविवारी तुमच्याकडे येतील. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुला पटलं तर हो म्हण, नाही पटलं तर नाही म्हण, पण कुणासमोर मान खाली घालून बसू नकोस. निघताना सदाशिवरावांनी मला विचारलं, ‘पोरगी कशी हाय?’ मी सांगायला लागलो आणि सांगतच राहिलो. शेवटी आईने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, ‘बस कर बाप्पा, नाई तं ते विचारतीन, मंग सोडली काऊन?’

या कागदापुरता तुझाच,
आदेश